दीड वाजताची निवडणूक

...व्हायरस? छे हो! महिनाभर मीही तेच म्हणत होतो. तुम्हाला सांगतो, आमचं नावड्याला गॅस्केटचं, म्हणजे पंपाच्या जोडातून गळती होऊ नये म्हणून घालतात त्या चकत्यांचं दुकान, कुणाचं मशीन विंडोजवालं, कुणाचं लिनक्सवालं, त्यात नवाकोरा फाइल सर्व्हर घेतला, एसीत ठेवला, नाव दिलं 'मालक', म्हटलं बाकीची मशीनं वचकून राहतील... आणि रोज दीडच्या ठोक्याला मालकच गायब! नेटवर्क उघडा, सगळं कोरं! त्या दिवशी तर तळोज्याच्या कंपनीचा पंप बंद, साहेब फोनवर, "अडीचपर्यंत गॅस्केटचं ड्रॉइंग आलं तर ऑर्डर तुमची, नाहीतर दुसरा बघतो!" आणि ड्रॉइंग कुठे? मालकाच्या पोटात!

सीवूड्सची संघप्रिया आली, नेटवर्कची कामं घेते. मी सुरू झालो, केबल बदलली, नेटवर्कची डबी बदलली, नारळसुद्धा फोडला... ती म्हणाली, "काका, दोन मिनिटं गप्प बसता?" मला! माझ्याच दुकानात! बसलो. मानलं बुवा पोरीला!

तिनं लॅपटॉपवर मालकाच्या नोंदी वाचल्या आणि उठली ती थेट गोडाऊनमध्ये. तिथे आमच्या गोडाऊन सांभाळणाऱ्या गंगारामचं जुनं सर्व्हर-विंडोजचं मशीन, मी भंगारात उचललेलं. बंद! गंगाराम डबा खात बसलेला. "मीच केला बंद. जेवताना चालू ठिवून काय करायचं हाय? फुकटचा लाइट!"

ती हसायलाच लागली. "काका, ही मशीनं आपसात निवडणूक घेतात. ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो, आणि कुठे काय आहे त्याची यादी जिंकणाऱ्याकडे. तुमचा मालक ओरडतो वीस, यांचं मशीन ओरडतं बत्तीस. रोज तेच निवडून येतं, आणि जेवायला जाताना यादी घेऊन जातं!"

"अगं, पण मालकाची किंमत..."

"किंमत विचारतंय कोण?"

मानलं बुवा पोरीला! मालकात दोन ओळी लिहिल्या फक्त. आकडा पासष्ट, आणि चालू झालास की लगेच निवडणूक लाव. म्हटलं, एवढं खोटं चालतं? "फॉर्म तपासायला कोण बसलंय, काका?" मालक बंद करून चालू केला... यादी हजर! दोन वीसला ड्रॉइंग गेलं! गंगाराम घास तसाच तोंडात धरून, "म्हंजे माझा मशीन पडला? डिपॉझिट तरी ऱ्हायला का?"

साहेबांचा फोन, "शाबास! केलं कोणी?" मी कौतुकानं सगळं सांगितलं, नाव, गाव, मोबाइल नंबर... तिथेच चुकलो! ऑर्डर मला मिळाली, संघप्रिया त्यांना. आता माझा प्रिंटर अडला की मीच साहेबांना विचारतो, "मॅडम मोकळ्या आहेत का हो?" मानलं बुवा पोरीला... साहेब म्हणतात, "गुरुवारनंतर बघू!"