नळावरचा हात

—नाही नाही, खुशाल उघडा, मी कुठं अडवतेय, पण आधीच सांगून ठेवते जुनेदभाई, धुण्याच्या मशीनमध्ये काही बिघाड नाही. बिघाड माणसात असतो. तुम्ही पाठीमागचा पत्रा काढा, स्क्रू काढा, काय काढायचंय ते काढा—अहो, त्या गोणपाटावर पाय नको, आजच परत धुतलंय, ओलं आहे. वास येतोय ना? आंब्याचा आहे. सडक्या आंब्याचा. इथंच होती आमची अढी, या मागच्या पडवीत, भिंतीला धरून—खाली भाताचं गवत, वर भाताचं गवत, मधे पिकत घातलेला हापूस. ह्यांनी पावसच्या बागेतून स्वतः उतरवून आणलेला, एकेक फळ हातानं पुसून लावलेला. ऋतिकाच्या सासरी जायचा होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, माहेरचा पहिला आंबा—विहीणबाईंनी शेजारपाजारच्या बायकांना सांगून ठेवलेलं, पेटी आली की या म्हणून. आणि आम्ही काय पाठवलं? निरोप. यंदा मोहोर उशिरा आला म्हणून निरोप. रत्नागिरीत राहून!

कुणी केलं म्हणजे? चिमानं. आमची कामवाली. होती म्हणा आता. संदेश पोटात होता माझ्या, तेव्हापासून आमचं धुणं ती धुते. मग संदेश मुंबईला नोकरीला लागला आणि गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्यानं हे पाठवलं, आईला आता त्रास नको म्हणून. हिचं धुणं गेलं. केर-भांडी राहिली, पण धुणं गेलं. तेव्हापासून ती या मशीनकडे बघायची ना, ती सवतीकडे बघतात तशी. बटण दाब म्हटलं तर पदराला हात पुसून लांबून एका बोटानं दाबायची, चावेल तशी. आणि एकच तुणतुणं—'बाय, ह्याचा पानी थांबत नाय. बाय, बघा ओ, वर आला.' मी म्हटलं, तुझ्या पोटात दुखतंय, म्हणून तुला ते वाहताना दिसतं. डूख धरला होता तिनं, दुसरं काय! आणि एक दिवस साधला डाव. अख्खी पडवी पाण्यात, गवत भिजलं, आंबा काळा पडला. त्याच पावली घालवली तिला.

काय दाखवताय? ही काळी डबी? बरं. आणि ही बारीक नळी. पाणी किती चढलं ते ही मशीनला कळवते, आणि हिनं कळवायचं सोडलंय—असं तुम्ही म्हणता. कशावरून? नळीत फुंकून बघता होय. आवाज यायला हवा, टक् असा. नाही आला, ऐकलं मी, बहिरी नाही. परत फुंका. नाही आला. आतला पडदा फाटलाय? फाटला असेल. पण कुणी फाडला? हसताय काय, स्क्रू लागतात ते मलाही कळतं, पण सुरीनं निघतात की स्क्रू, आमचे हे नेहमी सुरीनंच काढतात. कुजतो म्हणता? खाऱ्या हवेनं, जुना झाला की आपोआप? असेल बाई. तुम्ही दुबईत एवढी वर्षं हेच केलंत, तुम्हाला ठाऊक. घाला ती नवीन.

पण एक ऐका. हात चालू ठेवा, कान इकडे द्या. विमलाताईंनी बोलावलंय ना तुम्हाला? मी नाही बोलावलं. मागच्या दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीण त्या. त्यांना फार पुळका. झालं काय, चिमाला आता आळीत कुणी दारात उभं करत नाही. मी नाही हो कुणाला सांगितलं! म्हणजे चैत्रातल्या हळदीकुंकवाला विषय निघाला—निघाला तर मी काय तोंडात पन्हं धरून बसू? एवढंच म्हटलं, बाई डूख धरते, जपून असा. तर एकेकीनं बंदच केलं तिला. आता ती अंजनवेलला भावाकडे जाऊन राहणार म्हणे. भाऊ तो! सकाळी उठला की पिऊन पडलेला, बहिणीला काय घालणार, भावजयीच्या शिव्या? ते मलाही दिसतं, मला काय काळीज नाही? पण विमलाताई म्हणतात, मेकॅनिक काय सांगतो ते बघू—मशीनच बिघडलेलं निघालं तर चिमा उद्यापासून माझ्याकडे, आणि आळीत घरोघरी जाऊन मी स्वतः सांगेन. म्हणजे माझं नाव घेऊन सांगणार! तेव्हा तुम्ही जाताना एवढंच बोला, किरकोळ होतं, दुरुस्त केलं. बास. डबीचं नाव काढायचं नाही. चहा टाकू? रोजे नाहीत ना सध्या?

झालं? लावा, लाइट जायच्या आत लावून बघा, दुपारी गेली की संध्याकाळपर्यंत येत नाही. आलं पाणी. चढतंय. चढू दे... अर्ध्यावर आलं... अहो, अजून चढ—थांबलं. आपोआप थांबलं? मी काहीच नाही केलं हं.

काय बघताय? माझा हात? हा नळावर... सवय हो. पाणी अर्ध्यावर आलं की हात जातोच, नाही तर काठावरून वाहतं—वाहायचं. शिमग्याला घरी पाहुणे, दोन-दोनदा मशीन लावायचं, तर मी इथंच उभी असायचे नळ धरून. चिमा नसताना. तिच्यादेखत कशी उभी राहू? म्हणाली असती, बघा बाय, सांगत नव्हते? आणि ह्यांना काय सांगायचं? हे पहिल्या दिवसापासून म्हणतात, घरात चिमा असताना हे धूड कशाला, पोरगा पैसे उधळतोय. माझ्या पोरानं एवढ्या मायेनं पाठवलेली वस्तू, तिला नाव ठेवायला ह्यांच्या हातात कोलीत देऊ? उभं राहायला काय लागतं? राहायचे उभी.

त्या दिवशी? त्या दिवशीही होतेच उभी. मीच लावलं होतं. चिमा विहिरीवर भांडी घासत होती. तेवढ्यात ऋतिकाचा फोन—रडत होती हो पोर. सासूनं चौघींत विचारलं, आंबा येतोय की नुसतं नाव रत्नागिरीचं? लेक रडतेय आणि आई काय नळ धरून उभी राहील? तुमची आई राहिली असती? बसले बोलत माजघरात. पाण्याचा आवाज येत होता, मला वाटलं विहिरीचा पंप. चिमाच धावत आली विहिरीवरून, तिनंच नळ बंद केला. मी येऊन बघते तर गुडघे टेकून पाण्यातले आंबे पदरात वेचतेय. आणि तेवढ्यात हे दारात. 'कुणी केलं हे?' आता तुम्हीच सांगा, भिजलेलं कोण होतं? ती. मी फोन छातीशी धरून उंबऱ्यावर, कोरडी. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे, बोला ना बाय, असं. मी एक शब्द खोटा बोलले नाही जुनेदभाई, देवाशपथ. बोलले ते आमचे हे, 'चिमानं?' म्हणून. मी फक्त मान हलवली. होकाराची की नकाराची, ते ह्यांनी ठरवलं.

असो. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे, परक्या माणसाला. झालं ना काम? जुनी डबी ठेवा इथंच, केरात टाकते. खिशात का घालताय? अहो, ती आमची आहे. आणि पुढच्या दारानं जा, चपला पुढं आहेत तुमच्या. मागून नको—मागं गडगा आडवा येतो, वाट नाही—जुनेदभाई! अनवाणी कुठं निघालात, चिऱ्यांवर पाय भाजतील... विमलाताई, अहो काही नाही हो, किरकोळ होतं, तेच सांगतायत—काय? काय म्हणाले? माझा हात कुठं होता म्हणाले?

चिमाला कशाला हाक मारताय आता, तुमच्याकडेच बसलीय होय ती. तिला कशाला... मी दार लावून घेते हं विमलाताई. ऊन येतंय आत.