मोटरच्या पाठीमागे चार बोटं

हॅलो? … ताई? … ठेवू नकोस, ठेवू नकोस! … अगं मीच आहे, कारखान्यातून बोलतोय … हो, दुसऱ्या नंबरवरून. माझा तू उचलत नाहीस ना … बरं, नको बोलूस. नुसती ऐक.

मशीन सुरू झालं.

रंध्याचं गं, दुसरं कुठलं? … सकाळी नऊपासून चालू आहे. चार दारांच्या फळ्या काढल्या … नाही, नाही जळली! अगं, साधी तापलीसुद्धा नाही … हो, भाऊजींनी परत तार भरून पाठवलेली तीच मोटर.

… माहीत आहे गं मला काय बोललो ते. "तुमचं वाइंडिंगच कच्चं." त्यांच्या दुकानात, त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर … हो, आवाजही चढवला होता … हो ताई, तीस वर्षं मोटरी भरतायत ते, मला कळतं … आता कळतं, बरं!

अगं ऐक ना. चूक माझीच होती.

… हॅलो? … आहेस ना? … हो, परत म्हणतो. माझी. शंभर टक्के माझी.

काय झालं सांगू? मशीन जुनं, त्यातली मूळची मोटर आखूड होती. ही भाऊजींकडून भरून आणलेली वीतभर लांब. आणि भुसा जाऊ नये म्हणून मी मोटरभोवती प्लायचं खोकं केलं … हो, तेच, तुला फोटो पाठवला होता तो! सांध्यात नख जाणार नाही असं. मीच माझ्यावर खूश. अगं, नख जात नाही तिथे हवा कुठून जाणार? मोटरच्या शेपटाकडे पंखा असतो, तो मागून हवा ओढून अंगावर सोडतो. आणि माझी मागची फळी त्या पंख्याच्या जाळीला जवळजवळ टेकलेली. आज सुरू करण्याआधी काडेपेटी घालून बघितली. नाही गेली.

… हसलीस? … हसलीस तू! ऐकू आलं मला.

बरोबर आहे, दुसऱ्या कुणी खोकं केलं असतं तर चार फटी राहिल्या असत्या आणि मोटर वाचली असती. चांगला सुतार असल्यामुळे जाळली मी. आणि खापर भाऊजींच्या डोक्यावर. नाचता येईना, अंगण वाकडं.

… कळलं कसं? त्यांच्याच चिठ्ठीनं. ते प्रत्येक मोटरला दोऱ्यानं पुठ्ठा बांधतात ना, तारीख, तारेचा गेज लिहिलेला … तोच. त्याच्या पाठीमागे लिहिलं होतं, "मागे चार बोटं मोकळी ठेव, ती मागून श्वास घेते." … नाही गं, पहिल्या वेळीही होती! तेच अक्षर, तेच वाक्य. मी दोरा कापला नि पुठ्ठा भिरकावला. आज भुशात सापडला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत समोर.

ताई, एवढं ऐकवलं मी त्यांना. तरी त्यांनीच मोटर उचलून नेली, परत भरली, न बोलता पाठवली, आणि चिठ्ठी … चिठ्ठीत एक शब्द वाकडा नाही गं. "मी सांगितलं होतं" एवढंसुद्धा नाही. मी असतो तर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं … हो ना? तू पण लिहिलं असतंस!

… हो, केलं मोकळं. मागची फळी काढूनच टाकली, तिथे जाळी मारली. त्यांनी चार बोटं सांगितली, मी पाच सोडली.

… अगं, त्या पंपवाल्याकडे जाऊन आलो दुपारी. तो होता ना त्या दिवशी दुकानात. म्हटलं, बाबा, वाइंडिंग पक्कं होतं, डोकं माझं कच्चं. ताई, दुसरं गिऱ्हाईक कोण होतं तेवढं भाऊजींना विचारून सांग, त्यालाही सांगतो.

… समोरच आहेत? कधीपासून? … स्पीकरवर होता फोन? ताई, तू पण ना! … दे, दे त्यांना.

भाऊजी? … हॅलो? … भाऊजी, माझं चुकलं. तुमच्याशी असं बोलायला नको होतं. तुम्ही परत मोटर भरून दिलीत, मी तेवढ्या लायकीचा नव्हतो … हं? … हात ठेवू? मोटरवर? … ठेवला … दहा मोजू? … एक, दोन, तीन … पोळत नाही भाऊजी, नुसती कोमट … आठ, नऊ, दहा. ठेवलाय अजून.

… आवाज? थांबा, फोन जवळ नेतो … येतोय ऐकू? … कसली कुईकुई? … पट्टा? … हां, सैल असेल पट्टा … भाऊजी? … हॅलो?

… ताई? गेले कुठे? … पिशवी काढली? पाने-पक्कड घेतायत? … चप्पल घातली?

… नाही गं, पट्टा काय, मी दोन मिनिटांत आवळला असता. पण ताई, तू बोलू नकोस काही. येऊ देत त्यांना.