खोली नंबर लिहू नका

—नाय नाय, त्या खाटेवर नको बाई, पापड वाळतायत. इथं गोणपाटावर बसा. पाणी घ्या, भांडं आत्ताच घासलंय. घ्या हो, विहिरीचं हाय—आमच्याच विहिरीचं, माझ्या सासऱ्यानं खणलेली, आता सगळी बराक तिच्यावर पाणी भरते. तर काय विचारत होता? हां, राहता कुठं. इथंच की! ही खोली, ही चूल, हा वर पत्रा—आणखी काय दाखवू? नाव मघाशी सांगितलं ना, ठमाबाई बुधाजी गायकर. नातवंडं दोन. वेणू नऊ वर्षांची, बाळा पाचाचा. आई-बाप नाय. पण आजी हाय, छप्पर हाय, दोन वेळचं शिजतं, मंग तुमच्या आश्रमाचं काय काम? पोरं ना? ती गेलीत लांब. नदीवर. यायला संध्याकाळ होईल, तुम्ही कशाला खोळंबता?

तो? तो खोकला शेजारचा. हे पडद्याचं कापडी घर बाई, इकडं शिंकलं की तिकडं जीते रहो म्हणतात. चारशे पावलांची बराक, मधे नुसती गोणपाटं लावलेली. लष्करानं बांधली तेव्हा सोजिरांना कशाला हव्या होत्या भिंती? मंग सोजीर गेले, सिंधी आले. आणि—काय बघताय? ती तसबीर? तो देव हाय. आमचाच! माशावर बसलेला म्हातारा, पांढरी दाढी—आम्ही आगरी माणसं, खाडीकाठची, आमचा देव माशावर नाय बसणार तर कशावर बसणार? नाव? नाव काय देवाचं... देवाला आम्ही नावानं हाक मारत नाय. तुम्ही हसू नका बाई. खरंच हसू नका.

मला आधी हे सांगा, अर्ज दिला कोणी? कोणाला खुपलं? आमच्या पोरांची काळजी करणारा इतका मोठा माणूस कोण निघाला? असेल कोणीतरी जळकं. तुम्ही तो कागद दाखवता म्हणता, पण मला काय वाचता येतं! दाखवा तरी. हे काय, काळं? अंगठा? अंगठा काय बाई, सगळ्यांचा सारखाच दिसतो. माझा असेल, तुमचाही असेल. खाली नाव लिहिलंय? माझं?

...

माझाच हाय.

थांबा, काही लिहू नका, आधी ऐका. श्रावणात दिला. श्रावणात आम्ही कुठं होतो, विचारा ना! या बराकीच्या शेवटाला ओटा हाय, पत्रा जेमतेम दोन हात पुढं आलाय, तिथं होतो तिघं. अठरा दिवस. भिंतीला पाठ लावून बसायचं, पाय ओढून घ्यायचे, तरी गुडघ्यावर पाणी. बाळाला ताप. वेणू त्याच्या अंगावर ओणवी होऊन बसायची, तिच्या पाठीवर पाऊस. नऊ वर्षांची पोर, पाठीचं छप्पर करून बसली होती. तेव्हा ते दूध-पावडर वाटणारे मास्तर आले. म्हणाले, आजी, पोरं मरतील तुमची, आश्रमात द्या, जेवण हाय, शाळा हाय, कोरडा बिछाना हाय. मी विचारलं, दोघं एकत्र? म्हणाले, दोघांची सोय होईल. मी अंगठा दिला. फसवून नाय घेतला कोणी, उगाच कशाला कोणाला बोल लावू. मीच दिला. तुम्ही असता तर दिला असता की नाय? सांगा. नाय, सांगू नका.

घर नव्हतं असं नाय हो आम्हाला. तुम्ही जिथं बसलात ना, गोणपाटावर, तिथं खाचर होतं आमचं. झिनी कोळम पिकायचा. आणि बराकीच्या त्या टोकाला घर. लढाई सुरू झाली नि लष्करानं सगळं गाव उठवलं. सांगून गेले, कारकून येईल, घरं मोजील, ज्याचं घर त्याला दुसरीकडं जागा. आता आमच्या घराला दार होतं सागाचं. माझ्या सासूच्या माहेरचं, पितळी कड्यांचं, गावात दुसरं नव्हतं. आणि कोणीतरी बातमी आणली की सोजीर आधी दारं काढून जाळतात, चहा करायला. झालं! आमच्या बुधाजीनं—मालकांनी हो माझ्या—आदल्या दिवशीच दार उचकटलं, चौकटीसकट, नि पेंढ्याच्या उडवीत पुरलं. अख्खा गाव म्हणाला, शहाणा बुधाजी. दुसऱ्या दिवशी कारकून आला, बघतो तर घराला दार नाय, चौकट नाय, आत बैल बांधलेला—पावसाचं कुठं बांधणार त्याला? म्हणाला, हा गोठा. बुधाजी म्हणे, साहेब, घर हाय. तो म्हणे, दार कुठाय? आता पुरलंय कसं सांगणार? लष्कराचा माल लपवला म्हणून धरतील ही भीती. कागदावर गोठा झाला. सगळ्या गावाला जागा मिळाली पलीकडं, आम्हाला नाय. गोठ्याला जागा देत नाय सरकार. आणि ते दार घेऊन आम्ही बदलापूरला, हेंद्रेपाड्याला, एकाच्या गोठ्यात राहायला गेलो—खऱ्या गोठ्यात! बुधाजी दोन वर्षांत गेला. कोणाला काय बोलायचा नाय, त्या दाराकडं बघत बसायचा.

दार कुठाय म्हणता? दारावर पोरं झोपायची, खाली ओल यायची ना. मंग माझा हरिचंद्र, पोरांचा बाप, खदानीत दगडाखाली गेला, तेव्हा त्याला आणायला डोली नव्हती, दारावरूनच आणला. सून तर आधीच गेलेली, बाळाच्या वेळी. सरणाची लाकडं भिजलेली, पेटेनात, तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, बघता काय, ठेवा. साग चांगला जळतो बाई. कड्या तेवढ्या राहिल्या, त्या मोडीत विकल्या नि पोरांना अंगात घालायला घेतलं. मंग गोठ्यावाला म्हणाला, आता घरात कमावता नाय, गोठा रिकामा करा. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाय. त्याच्याही म्हशी भिजत होत्या.

म्हणून आले इथं. दुसरीकडं कुठं जाणार? पाय आपोआप आपल्या शेताकडं वळतात. बघते तर शेतावर बराक.

तर त्या अठराव्या दिवशी—मास्तर अंगठा घेऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी—ही बराकीतली सिंधीण, खेमीबाई, पाणी भरायला चाललेली. ओट्यापाशी थांबली. बाळाच्या कपाळाला हात लावला नि कळशी तिथंच ठेवली. म्हणाली, "हेडां अच, माई, हेडां अच"—त्यांच्यात इकडं ये म्हणतात तसं. मी हलले नाय. मंग हिंदीत म्हणाली, "बच्चा मर जायेगा तो मेरे दरवाजे पे पाप आयेगा, अंदर आ, भाव मत खा!" अशी खेकसते हो, तोंडानं फार फाटकी, पण तिनं स्वतःच्या खोलीत मधोमध गोणपाट लावलं. स्वतःची पाच माणसं अर्ध्यात कोंबली नि अर्धी आम्हाला. मी म्हटलं, बाई, तुला आमचे हाल कसे कळले? तर म्हणे, आम्ही तीन महिने स्टेशनवर काढले होते, कळायला काय शाळेत जायला लागतं? पापड तिचेच. मिरी कुटते ती, मी लाटते. देव पण तिचाच, तुम्ही ओळखलंतच. मी खोटं बोलले, काय करणार, माझ्याकडं दाखवायला तसबीर पण नाय. आणि खोकला बाळाचा. वेणू, बाहेर ये गं. ये, या बाईंना कळलंय. बाळाला पण घेऊन ये, लपायचं नाय आता. बघा कशी हाय पोर. अंग धरलंय की नाय? बाळा, नाक पूस. दोन महिन्यांत इतका फरक. म्हंजे आमचं बरं चाललंय, तुमच्या कागदावर लिहा तसं नि तो अंगठा फाडून टाका.

लिहितायत बघ वेणू. भल्या बाई हायत. हां, लिहा ना—बराक एकशे सोळा, खोली चार. पत्ता पाठ हाय मला. चार, चार. आजीकडं छप्पर हाय, असं लिहा ठळक. मंग हा कागद कुठं जातो? तुमच्या आश्रमात? तिथून? कॅम्पच्या ऑफिसात? कशाला?

खोलीची तपासणी करायला?

नको. नको नको, थांबा, तो आकडा खोडा! खोडा आधी! बाई, मी हात जोडते. तुम्हाला ठाऊक नाय का इथला नियम? खोली कार्डावर मिळते. निर्वासिताचं कार्ड, सिंधहून आलेल्याचं. कार्डावर पाच माणसं तर खोलीत पाच. परवा दहा नंबरमधे कोणाची मावसबहीण सापडली, कार्डात नाव नव्हतं, तर आख्खं घर ट्रंका घेऊन बाहेर! मी स्वतः बघितलं, म्हातारी खाटेसकट बाहेर. आणि इथं तिघं जास्त, ते पण सिंधी नाय. खेमीबाईला पोरगी हाय तान्ही. मी तिला त्याच ओट्यावर नेऊन बसवू? तिनं मला उठवलं तिथून, नि मी तिला तिथं बसवू?

ही खोली माझी नाय. लिहा. ठमाबाई इथं राहत नाय, पापड लाटायला येते, संध्याकाळी जाते. असं लिहा.

मंग पोरं झोपतात कुठं? हां. हे विचारणारच तुम्ही. तुमची पण नोकरी हाय. कुठं झोपतात... छप्पर हाय म्हटलं तर खेमीबाई जाते. छप्पर नाय म्हटलं तर पोरं जातात. फार हुशार कागद हाय हो तुमचा.

बरं, घेऊन गेलात तर दोघं एकत्र ना? तेवढं सांगा. मास्तर म्हणाले होते, दोघांची सोय. एकत्रच ना?

पोरगी पुण्याला? आणि हा? नाशकाला? मुलग्यांचं वेगळं, मुलींचं वेगळं—आणि भेट? वर्षातून एकदा. हिच्याशिवाय तो घास घेत नाय, बाई. ती आधी चावून दाखवते तेव्हा हा तोंड उघडतो. नाशकाला कोण चावून दाखवेल?

वेणू, रडू नकोस. मी काय बोलतेय ते ऐक. आतलं बोचकं घे. हंडी राहू दे, ती खेमीबाईची. बाळाची कुंची घे. चादर? चादर पण तिचीच, घडी कर नि ठेव. बाळा, चल, वर ये, माझ्या कडेवर ये. किती जड झालास रे!

आता तुम्ही लिहा बाई. तुम्ही आलात, बराकीत विचारलंत, तेव्हा अशी कोणी म्हातारी नव्हती. पोरं नव्हती. पत्ता चुकला. खोटं काय त्यात? दोन मिनिटांत खरं होईल.

कुठं जाणार? ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही लिहाल. नाय, मनानं वाईट नाय तुम्ही, पण हातात पेन हाय तुमच्या.

सरका जरा, दारातून सरका. बसा हवं तर, पाणी प्या, ऊन हाय बाहेर. खेमीबाई येईल एवढ्यात पीठ घेऊन. तिला सांगा, म्हातारी—

नाय. काय सांगू नका. ती धावत येईल मागं.

चल गं वेणू. मागं बघायचं नाय.