फुटक्या मोरीखालची जागा

मी, प्यो इन-बोक, वय ७८ वर्षे, धंदा शेती आणि हंगामात अळंबी काढणे, राहणार मारूगोल, तालुका उनगोक, गांगवन प्रांत. आज उनगोक पोलीस चौकीत, उजवा पाय प्लास्टरमध्ये असल्याने चाकाच्या खुर्चीवर, समक्ष हजर राहून हवालदार मो जिन-हो यांनी विचारल्यावरून जबाब देतो की, मी जन्मापासून वरील गावी राहतो. पत्नी हयात नाही. मुलगा प्यो सोंग-ग्यू माझ्याजवळ राहतो व तो गावाच्या अळंबी राखण मंडळाचा प्रमुख आहे. काल संध्याकाळपासून चौकीत बसवून ठेवलेली सायकलवाली बाई बेक यन-जू, राहणार सेऊल, हिला मी कालच्या आधी कधी पाहिलेले नव्हते.

आमच्याकडे पाइनच्या मुळाशी येणाऱ्या महागड्या सोंगी अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही. बाप मुलाला सांगतो, ती शेवटच्या दुखण्यात. माझ्या वडिलांनी मला सांगितली आणि त्याच आठवड्यात ते गेले. मी माझ्या मुलाला सांगितलेली नाही. यंदा तो म्हणाला, "बाबा, आता डोंगरात एकटे जाऊ नका." मी म्हणालो, "मग काय तुझ्या गाडीत बसून अळंबीला हाका मारू?"

आमच्या डोंगराला वळसा घालून खडीचा जंगल-रस्ता जातो. तो झाला तेव्हा मी तरणा होतो, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्यांचे पाइप बसवायला खाली मीच उतरलो होतो. त्याआधी तिथे पायवाट होती आणि आम्ही पोरे शाळेतली कविता मोठ्याने म्हणत त्या वाटेने घरी येत असू. अलीकडे शहरातली माणसे जाड टायरच्या सायकली घेऊन येतात. चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीवर चढतात. हंगामात मंडळ रस्त्याला दोर बांधते आणि त्यांना परत पाठवते. मंडळाच्या लेखी सायकलवाला म्हणजे अळंबीचोर. मला त्यांचा राग नाही. ओल्या खडीवरून चाक गेले की एक आवाज येतो, कोरड्या खडीवरून गेले की दुसरा. हवालदार म्हणाले, "बाबा, आवाजाचे राहू द्या, घटनेचे सांगा." मी म्हणालो, काल दिवसभर माझ्यापाशी दुसरे काही नव्हतेच. म्हणून लिहिले आहे.

रस्त्याच्या आमच्या गावाकडच्या तोंडाला दोर होता. पलीकडच्या गोरिम गावच्या बाजूला यंदा अजून बांधलेला नाही. त्या बाजूने येणाऱ्याला बंदी आहे हे कळायला मार्ग नाही.

काल सकाळी मुलगा राखणीवरून येऊन झोपला होता. मी न सांगता निघालो. फोन घरी ठेवला. फोन माणूस कुठे आहे ते दाखवतो, म्हणून हंगामात मी तो नेत नाही. जागेवर पोचून अळंबी काढली, टोपलीत नेच्याची पाने घालून ठेवली आणि दम खायला एका पडलेल्या वाळक्या पाइनवर बसलो. तो घरंगळला. माझा उजवा पाय खोड आणि खडक यांच्यामध्ये गेला. निघेना. वर मोरी आणि रस्त्याची कड दिसत होती. साध्या आवाजात बोलले तरी ऐकू जाईल इतकी जवळ.

प्रथम तीन सायकली आल्या. त्या बरोबर माझ्या डोक्याच्या वर, रस्त्याकडेला थांबल्या. एक म्हणाला, "चढ संपला म्हणाला होतास ना रे?" दुसरा म्हणाला, "संपला की. हा पुढचा आहे." त्यांनी तिथे किंबापच्या भाताच्या गुंडाळ्या खाल्ल्या. तिसरा कडेला येऊन लघवीला उभा राहिला. ती माझ्या टोपलीपासून हातभर लांब पडली. मी हाललो नाही.

प्रश्न : हाक का मारली नाही?

उत्तर : मारली असती तर ते खाली उतरले असते.

दुपारी मंडळाच्या गाडीचा आवाज आला. गाडी वर मोरीपाशी थांबली. इंजिन बंद झाले. सोंग-ग्यूने हाक मारली, "बाबा! ओ बाबा!" थोड्या वेळाने पुन्हा मारली. लहानपणी शाळेतून आल्यावर घरात कोणी दिसले नाही की तो अशीच मारायचा. मी टोपी तोंडावर दाबून धरली होती. मग गाडी सुरू झाली आणि गेली.

प्रश्न : मुलाला ओ का दिली नाही?

उत्तर : याबाबत मला काही सांगायचे नाही.

त्यानंतर ऊन कड्यामागे गेले. पायात काही कळेनासे झाले. झोप येऊ नये म्हणून मी चौथीच्या पुस्तकातली शरदातल्या डोंगराची कविता म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्यात अडलो. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच अडलो. असे बराच वेळ चालले.

मग एक सायकल आली. एकटीच. दमत, थांबत चढत होती. मी ओरडलो.

"कोण आहे?" बाईचा आवाज आला.

"खाली. मोरीच्या खाली. सायकल रस्त्यावर ठेवू नकोस, झुडपात घाल."

"का?"

"घाल म्हणतो ना!"

ती उतरली. पाय बघून म्हणाली, "अगंबाई! आजोबा, पाय असा अडकलाय आणि माझ्या सायकलची कसली काळजी करताय?" तिने एक जाड फांदी आणली, खोडाखाली घातली, दगडावर टेकवली. म्हणाली, "तीन म्हटलं की ओढा." मी दोनालाच ओढला. पाय निघाला.

तिने फोन काढला. मी तिचे मनगट धरले. "इथून नको."

"रक्त वाहतंय तुमचं!"

"ते थांबेल. लोक इथे आले तर माझी जागा गेली."

ती टोपलीकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला अळंबीतलं काही कळत नाही. मी डोंगरातले खडीचे रस्ते शोधते. चांगला रस्ता सापडला की त्याचा नकाशा करून सगळ्यांना पाठवते."

"सगळ्यांना?"

"हो. ओळख नसलेल्यांनासुद्धा."

मला हसू आले. ही जागा कोणालाही सांगणार नाही असे मी तिच्याकडून वदवून घेतले. टोपलीचा बंद तुटला होता, म्हणून अळंबी मी स्वतःच्या हाताने तिच्या सायकलच्या पिशवीत घातली. टोपली तिथेच राहिली. तिने मला कसेबसे वर नेले, सायकलवर बसवले आणि ढकलत नेले. पुढे गेल्यावर फोन कर, असे मीच सांगितले होते. वाटेत मी तिला कवितेचे दुसरे कडवे विचारले. ती म्हणाली, "ती कविता आता पुस्तकात नाही, आजोबा." पुढच्या वळणानंतरचे मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो दवाखान्यात.

मला आज सांगण्यात आले की मंडळाच्या लोकांनी आम्हाला रस्त्यात गाठले. मला रक्ताने भरलेला आणि बाईच्या पिशवीत अळंबी पाहून, मी तिला चोरी करताना पकडले व तिने मला मारले असा त्यांचा समज झाला. तक्रार माझ्या मुलानेच दिली आहे. अळंबी कुठली, असे रात्रभर विचारूनही बाई एवढेच म्हणते, "आजोबांना विचारा." तिने चोरी केलेली नाही. मला मारलेले नाही. ती आली नसती तर हा जबाब द्यायला मी उरलो नसतो.

हवालदारांनी समजावले की नुसत्या सांगण्यावर बाईला सोडता येणार नाही. जागेवर जाऊन पंचनामा करावा लागेल, खोड, फांदी, टोपली, रक्त दिसावे लागेल. मी विचारले, जागा न लिहिता होणार नाही का? ते म्हणाले, नाही. मी बार्लीचा चहा मागितला. तो गार होईपर्यंत बसलो. हवालदारांनी घाई केली नाही.

जागा अशी. गोरिमकडून खिंड उतरून पुढचा चढ लागला की पहिल्या मोठ्या वळणावर फुटकी मोरी आहे. तिच्या डाव्या अंगाने खाली उतरावे. वीज पडून शेंडा गेलेला एक पाइन लागेल. त्याच्या मागे बसलेल्या बैलाएवढा खडक आहे. खडकाची जी बाजू उन्हाला दिसत नाही, तिथे. माझ्या वडिलांची हीच होती.

मला कमी ऐकू येते, त्यामुळे जबाब मोठ्याने वाचावा लागेल आणि बाहेर बाकावर मंडळाचे लोक बसले आहेत. त्यांना चहाला पाठवावे व फक्त माझ्या मुलाला आत घ्यावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली.

वाचून झाल्यावर माझ्या सांगण्यावरून पुढील मजकूर जोडला आहे. मुलगा प्यो सोंग-ग्यू याने संपूर्ण जबाब उभा राहून ऐकला. जागेचे वाचून झाले तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाबा, डॉक्टर तर नुसता पाय मोडलाय म्हणाले होते." मी म्हणालो, "नुसता पायच मोडलाय." तो म्हणाला, "मग मी वर उभा होतो, तेव्हा..." हवालदारांनी विचारले की मुलाच्या हाकेचा भाग गुन्ह्याच्या दृष्टीने लागत नाही, तो खोडायचा का? मुलगा माझ्याकडे पाहत होता.

मी सांगितले, खोडू नये. जबाब मोठ्याने वाचलेला मी ऐकला, माझ्या मुलानेही ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, बरोबर आहे.