पाळीवरचा फोन

केशोरीच्या बसथांब्यावर गुंजन मोबाइलात डोकं खुपसून बसली होती. कान मात्र शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याकडे, कवडूबाबा-रुख्माबाईंकडे.

"मले इथं कायले आणलं व?" कवडूबाबांनी विचारलं.

"सांगीन. घरी वायफाय आलं, तरी नागपूरले पोरीले फोन लावाले तलावाच्या पाळीवर काऊन जाता?"

"पाळीवरून नुसता आवाज जाते. मजेत हावो म्हणलं का पोरगी मानते. घरी व्हिडिओवर तोंड दिसते."

"काल दिसलंच. बाबाचे डोळे काऊन लाल, म्हणे."

"तू काय सांगतलं?"

"धान चुरताना डोळ्यात भुसा गेला म्हणून."

"अवं, धान तं अजून वावरात उभा हाय!"

"पोरगीबी थेच म्हणली."

"मंग?"

"मंग काय, या बसमंधी येऊन राहिली. डोळे पुसा."