श्वास न घेणारा

नको हो, बक्षीस-बिक्षीस द्यायला मला नका बोलावू — तुम्ही एवढे तीन जिने चढून आलात, पाणी घ्या ना — पण स्टेजवर मी कधी चढलेलीच नाही. दादाचं वेगळं होतं, माईक दिसला की सुटायचा. आणि स्पर्धा तरी कसली ठेवलीत? सगळ्यात जास्त ओळी श्वास न घेता कोण म्हणतो? तेही तो गेला त्याच तारखेला? नाही, वाईट कशाला वाटेल — आता जो तो रॅपर तसाच म्हणतो, माहितीये मला. कोपऱ्यावरच्या भिंतीवर त्याचं चित्रसुद्धा काढलंय, खाली ‘न थांबणारा’. चित्रकारानं नाक मात्र थेट आमच्या मामाचं लावलंय! आई तरी रोज तिथे घटकाभर उभी राहते.

— कोण? नाही, वारा असेल, ही खिडकी अशीच आपटते. उगाच दचकते मी.

तर काय म्हणत होते — रेकॉर्डिंग. हे कपाट बघताय ना, ह्यातच. वर कोट, स्वेटर, सगळे लटकवलेले, म्हणजे आवाज घुमत नाही. तो आत, मी बाहेर ह्या स्टुलावर, कॉम्प्युटर मांडीवर. कॉलेजात होते तेव्हा, परीक्षा होती, तरी. त्याचं झालं की मी साफ करायला बसायचे. साफ म्हणजे — आता तुम्ही विचारताच आहात तर — दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घ्यायचा, तो कापायचा नि ओळी जोडायच्या. एवढंच. सगळेच करतात हो थोडंफार. मी सगळे कापले. पहिल्यांदा गंमत म्हणून केलं, तर ऐकून तो इतका हसला — “बाईसाहेब, मला मासाच केलात की!” मग लोकांना तेच आवडलं. मग तेच करावं लागलं.

म्हणजे तुमची ती पोरं जे शिकतायत ना, ते कुणी केलेलंच नाही कधी. दादानेही नाही.

शेवटच्या गाण्यात एक्केचाळीस श्वास होते. मोठे करून ऐकावे लागतात, तेव्हाच कुठे कापायचं ते कळतं. शिट्टी वाजायची त्यांत, बारीक. आदल्या गाण्यात कमी होती, त्याच्या आदल्यात त्याहून कमी. मला ऐकू येत होतं. कळत नव्हतं असं कसं म्हणू? एकदा म्हटलं त्याला, डॉक्टरकडे जाऊ या, तर म्हणाला, “गाणं बाहेर पडू दे, मग. आईला बोललीस तर बघ.” नाही बोलले. कापत बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, छातीत घरघर किती दिवसांपासून? आई म्हणाली, छे, अजिबात नव्हती, एका श्वासात अख्खं गाणं म्हणायचा हो माझा मुलगा. आणि मी शेजारीच उभी. तीन वर्षं झाली, अजून तिथेच —

आई आली. किल्ली लावतेय. तुम्ही उठा, उठा ना — हे बघा, मी येते, बक्षीस देते, काय म्हणाल ते करते, फक्त आत्ता काही —

अगं हे स्पर्धेवाले. हो, दादाची. येणार म्हटलं मी, कबूल केलंय.

निघालेच आहेत ते.