ठकूबाई गोड बोलू लागली

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न – थट्टा कुणाची करावी? आपल्याकडे या कामाला शब्द किती! थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी! वर पुन्हा फिरकी घ्यायची, टोपी उडवायची, कोपरखळी मारायची! मग हे सगळं एकच का हो? छे! ज्याला उलटून बोलायची सोय नाही, त्याला बोलायचं – ती टवाळी. थट्टेचं गोत्र निराळं. कसं, ते आमच्या तांबटाला विचारा!

तांबट आळीत रखमाजी तांबट राहायचा. अंगानं असा – अहो मृदंगवाले, तुमच्याकडे बोट नाही, बसा! पोट घागरीएवढं आणि डोक्यावर केस औषधालासुद्धा नाही. बायको ठकूबाई. दिवस उजाडला की तिचं सुरू, "अवो, घागर ठोकताय का पोट? आवाज सारखाच येतोय."

रखमाजी म्हणायचा, "घागरच हाय. रिकामी, तुझ्या डोक्यावाणी."

शेजारचा भिकू न्हावी तर वस्तऱ्याऐवजी फडकंच घेऊन यायचा. "नुसतं पुसून देतो, रखमाजीराव." अशी आळी!

एकदा रखमाजीला ताप भरला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "पित्ताचा ताप आहे, उतरेल. फक्त मनाला लागेल असं काही बोलू नका." झालं! ठकूबाईनं धसका घेतला आणि आळीभर ताकीद दिली – धन्याला कुणी वाकडं बोलायचं नाही!

सकाळी रखमाजीनं डोळे उघडले. ठकूबाई उशाशी. "अवो, थोडी पेज घेता का? तुमी लई कष्ट केलं बगा जन्मभर."

रखमाजी दचकला! ही ठकीच का? त्यानं मुद्दाम विचारलं, "पोट लई सुटलंय का गं माजं?"

"न्हाई वो. शोभतंय तुमाला."

तेवढ्यात भिकू आला, चक्क हात जोडून. "रखमाजीराव, केस काय दाट हायेत तुमचं."

संपलं! टकल्याचे केस लोकांना दाट दिसायला लागले, म्हणजे वैद्यानं काय सांगितलं असेल? रखमाजीनं ओळखलं, आपले दिवस भरले!

त्यानं पेज बंद केली. जायचंच आहे, तर खाऊन कुणाचं भलं? तो खाईना म्हणून आळी आणखी गोड बोलू लागली. मंडळी, ताप कधीच उतरला होता, पण माणूस भीतीनं वाळत चालला! त्याला मरायचं नव्हतं हो. ठकीला मागं ठेवून जायचं, हा विचारच त्याला सोसत नव्हता.

शेवटी म्हणाला, "ठके, तुळशीचं पान आन. माज्या मागं रडू नगंस."

ठकूबाईनं इतके दिवस जीभ आवरली होती. आता नाही आवरली. "रडाय सवड कुनाला हाय? आदी खांदेकरी बगाय पायजेत. ह्ये धूड चौघांला उचलायचं न्हाई, गाडीच जुंपाय लागंल. यम येऊन गेला मगाशी. तुमाला बगून म्हनला, एका रेड्याचं काम न्हाई."

बोलली आणि तोंडावर हात दाबला. वैद्याची आज्ञा मोडली! डोळ्यांतून धारा लागल्या.

रखमाजी अंथरुणात उठून बसला. "मंग मी मरत न्हाई?"

"मराया अंगात ताप तरी पायजे का नगं?"

"सरक मग. भाकरी टाक. पेज पाजून मारत व्हतीस मला."

हसलात, मंडळी? आता तुमच्याकडे वळतो! देवळात शिरताना तुमचा आवाज कसा होतो? बारीक! 'देवा, तू दयाळू, तू कृपाळू' – हात जोडायचे, नैवेद्य ठेवायचा आणि पाय न वाजवता बाहेर! घरच्या माणसाशी असं बोलतात? 'जन्मभर उभाच आहेस, तुला बसायला पाट नाही मिळाला का रे' – असं कधी विचारलंत त्याला? उलटून बोलेल म्हणून भिता? बोलू द्या की! पिढ्यान्पिढ्या तुमचं हे गोडगोड ऐकून गाभाऱ्यात त्याच्या पोटात गोळा आला असेल – आपलं आता काही खरं नाही!

चला, नाव घ्या त्याचं! मोठ्यानं! आणि रडक्या सुरात नको – घाबरेल बिचारा!